मुलगा बघायला इटलीत

इटलीच्या समुद्राचं कौतुक मला कोणी सांगू नये. मी तो बघून आले आहे. आमच्या शारजाला दिसतं तेच पाणी, फक्त थंडगार, आणि वाळूच्या जागी गोटे. त्या गोट्यांवर टॉवेल पसरून बायका आडव्या पडलेल्या असतात. पाठीला टोचत असणारच, पण एकीच्या तोंडून ब्र निघत नाही, कारण इटलीत आहोत ना! नाव मोठं, लक्षण खोटं. मी दहा पावलं चालले आणि सँडल हातात घ्यावी की पायात ठेवावी हेच मला कळेना.

आम्ही हौसेने गेलो नव्हतो. आमची एकुलती एक लेक तिथे राहते. ती शारजात जन्मली, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये वाढली, आणि मग बोटींचं डिझाइन शिकायला म्हणून इटलीला गेली. होड्या कशा करायच्या हे शिकायला परदेश! आमच्या कोकणात लोक शाळेचं तोंड न बघता होड्या करतात, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण? शिकली, आणि त्याच समुद्रकाठच्या गावात एका बोटी बांधणाऱ्या कारखान्यात चिकटली. दोन वर्षांत येते म्हणाली, ती काही आली नाही. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, देअर्स समवन." कोण? तर त्याच कारखान्यात काम करणारा. काय काम? तर बोटी रंगवतो.

बोटी रंगवतो! मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले.

आता मी का गेले ते सरळ सांगते, लपवाछपवी मला जमत नाही. येत्या मार्चमध्ये आमचे हे साठ पूर्ण करणार. त्यानंतर व्हिसा वाढवणार नाही, असं कंपनीने हसून, खांद्यावर हात ठेवून सांगून टाकलं आहे. तिकडे माणूस व्हिसावर राहतो. ह्यांचा नोकरीवर, माझा ह्यांच्यावर. ह्यांचा खलास झाला की माझाही खलास, आणि मग उरतात त्या बॅगा. तिशीच्या आत मी त्या वाळवंटात आले. माझा दवाखाना तिथे, माझा भाजीवाला तिथे, माझी भांडणं तिथे. पैसे साठले तेव्हा सगळ्यांनी घेतला तसा पुण्यात फ्लॅट घेतला, तिथे घेतला नाही, हा शहाणपणा वेगळाच. एकच वाट उरली होती. लेकीला दुबईत चांगली नोकरी लागली, तर ती आईवडिलांना स्वतःच्या व्हिसावर ठेवू शकते. आणि तशी नोकरी आली होती! बोटी करणाऱ्या एका दुबईच्या कंपनीने तिला विचारलं होतं, तिने स्वतःच सांगितलं होतं. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना मी सांगूनही टाकलं होतं की लेक परत येतेय, आम्ही कुठेही जात नाही. आणि आता मध्येच हा रंगारी उगवला. तो मोडायचा आणि लेकीला घेऊन यायचं, एवढ्यासाठीच मी विमानात बसले.

तारखाही मी तशाच धरल्या. लेक म्हणाली, सप्टेंबरच्या शेवटी या, सीझन संपलेला असतो, गर्दी नसते, बेस्ट टाइम. मी कालनिर्णय बघावं तसं मोबाइलवर पंचांग बघितलं. पितृपक्ष! ताबडतोब हो म्हटलं.

"अगं, पितृपक्षात कोणी मुलगा बघायला जातं का?" हे म्हणाले.

"म्हणूनच तर जायचं," मी म्हटलं. पितृपक्षात शुभ काही ठरवत नाहीत. ते जेवायला घालतील, गोड बोलतील, आणि विषय निघाला की मी हात जोडून सांगणार, आमच्यात या पंधरवड्यात लग्नाचा शब्दसुद्धा काढत नाहीत हो. मग नवरात्र, मग दिवाळी, तोवर लेक दुबईत. असा माझा बेत होता. हे म्हणाले, "तू राजकारणात जायला हवं होतंस." वीस-पंचवीस वर्षं हाच एक विनोद त्यांना येतो.

मिलानला उतरून गाडी भाड्याने घेतली. ट्रेन आहे, असं लेक जीव तोडून सांगत होती, पण गल्फमधल्या माणसाला स्वतःची गाडी नसली की अंगात कपडे नसल्यासारखं होतं. गाव लागलं तेव्हा मी काच खाली केली. किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटून, गोणपाटात बांधून एका कडेला रचल्या होत्या. लाकडी फळ्या उचलून ट्रकमध्ये टाकत होते. अर्ध्या दुकानांची शटरं खाली. आइस्क्रीमवाल्याने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या. वऱ्हाड बोलावलं ते मांडव उतरवताना! लग्न कसलं करताय, म्हटलं, आधी दुकान तरी उघडा. आमच्या अल नहदाला केव्हाही फोन करा, कोथिंबिरीची एक जुडी अकराव्या मजल्यावर आणून देतात. इथे दुपार झाली की औषधवालासुद्धा कुलूप लावून झोपतो. ज्याला दुखतं त्याने चारपर्यंत दुखवून घ्यावं!

दीडला जेवायचं होतं, त्या मुलाच्या आईकडे. तिचं कॅफे आहे असं लेकीने सांगितलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर दुबईच्या मॉलमधलं चकाचक काहीतरी आलं होतं. तिथपर्यंत गाडी जात नाही, स्टेशनसमोरच्या चौकात थांबा, मी घ्यायला येते, असं तिने चारदा मेसेज करून बजावलं होतं. पण ह्यांनी गाडी अशी हाणली की आम्ही तासभर आधीच पोचलो. चौकात सावली नाही. ह्यांचं डोकं उठलं होतं. चहा हवा होता.

"इथेच कुठेतरी मिळेल," असं म्हणून ह्यांनी गाडी एका गल्लीत घातली. गल्ली कसली, बोळ! दोन्हीकडच्या भिंती आरशांना लागतील इतका. पुढे एका दुकानाबाहेर तीन टेबलं आणि खुर्च्या दिसल्या. ह्यांनी बरोबर दारासमोर गाडी उभी केली, सीट मागे ढकलून आरामात बसले, आणि हॉर्न दिला.

आता हे आमच्या तिकडे न राहिलेल्याला कळणार नाही. अमिरातीत चहा प्यायला गाडीतून उतरायची पद्धतच नाही. कॅफेटेरियासमोर गाडी थांबवायची, हॉर्न मारायचा, की आतला माणूस धावत खिडकीशी येतो. दोन बोटं दाखवली की दोन कडक चहा, कागदी कपात, काचेतून आत. उन्हाळ्यात एसी बंदसुद्धा करावा लागत नाही. सगळेच करतात, अरबही, आपणही. इतकी सवय झालेली असते, की त्यात काही आहे असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्याही आलं नाही. मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते.

कोणी आलं नाही. ह्यांनी पुन्हा हॉर्न दिला. तरी नाही. "झोपलेत की काय लेकाचे," असं म्हणून तिसऱ्यांदा तळहात दाबून धरला. त्या बोळात तो आवाज असा घुमला की वरच्या खिडक्या फटाफट उघडल्या. एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्रासकट डोकं बाहेर काढलं. कुठलं तरी कुत्रं सुरू झालं. आणि दुकानातून एक बाई आली. साठीची असेल, केस वर बांधलेले, ॲप्रन, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले.

ह्यांनी काच खाली केली आणि दोन बोटं वर केली. "टू टी. लेस शुगर. यल्ला, मॅडम, फास्ट."

ती बाई जी सुरू झाली! हात हॉर्नकडे, हात वरच्या खिडक्यांकडे, हात आकाशाकडे. मला शब्द कळत नव्हता पण अर्थ पूर्ण कळत होता. ह्यांना वाटलं ती काय काय मिळतं ते सांगतेय. "नो नो, ओन्ली टी," हे म्हणाले. आणि तेवढ्यात तिच्या मागून, हातात ताटल्यांची चवड घेऊन, आमची लेक बाहेर आली.

काय सांगू! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हेच ते कॅफे, आणि हीच मुलाची आई. लेकीने गाडीकडे बघितलं, ह्यांच्या दोन बोटांकडे बघितलं. ह्यांनी ती बोटं हळूच मिटली.

"पापा," ती म्हणाली.

गाडी वळवायला जागा नव्हती. मग तो आला, रंगारी. उंच, काटकुळा, नखांत निळा रंग. बॉनेटवर थाप मारत मारत त्याने ह्यांना ती गाडी उलटी बोळाच्या तोंडापर्यंत न्यायला लावली. ह्यांना दरदरून घाम फुटला होता. मी आतच बसून राहिले, कारण खिडक्यांतल्या लोकांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. चूक ह्यांची, बोळ त्यांचा, पण मी चिडले ती त्या बाईवर. एवढं काय झालं? चहा विकतेस ना? मग गिऱ्हाइकाने हॉर्न मारला तर अंगाला भोकं पडतात का? आणि कॅफे म्हणे! तीन टेबलांची टपरी ती टपरीच, इटलीत असली म्हणून काय झालं.

जेवायला बसलो. त्या बाईने हात धुतले होते आणि चेहराही धुऊन टाकल्यासारखा केला होता. ह्यांनी चारदा सॉरी म्हटलं, तिने चारदा हात हलवला. मग तिने ताट आणलं. मांदेलीएवढे मासे, लिंबू पिळलेले, सकाळपासून एकेक साफ करत बसली होती म्हणे. मी ताट बाजूला सरकवलं. "सांग त्यांना, पितृपक्ष आहे. आम्ही खात नाही." लेकीने काय सांगितलं कोण जाणे, ती बाई पटकन ते उचलून आत घेऊन गेली आणि टोमॅटो घेऊन आली. कच्चे टोमॅटो, वर तेल आणि पाला. पाहुण्यांना कच्चे टोमॅटो! आमच्या ह्यांनी मात्र माझ्यासमोर ते सगळे मासे खाल्ले. पितर त्यांचे, पोट त्यांचं, मी काय बोलणार.

विषय कोणी काढेना. मी वाट बघून बघून कंटाळले. शेवटी मीच हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. "यांना सांग, आमच्यात या पंधरवड्यात लग्नाचं काही ठरवत नाहीत. गैरसमज नको."

लेकीने ते त्यांना सांगितलंच नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, नोबडी इज आस्किंग यू. आम्ही लग्न करतोय की नाही हे अजून आम्हालाच माहीत नाही. त्यांनी फक्त जेवायला बोलावलंय."

म्हणजे मी नाही म्हणायला इतक्या लांब आले आणि मला कोणी विचारतच नव्हतं! माझा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तर मग दुबईची नोकरी काय या टपरीसाठी सोडणार आहेस?" मी म्हटलं. "या काटकुळ्या रंगाऱ्यासाठी? भांडी घासायला ठेवतील तुला इथे!" मराठीत म्हटलं, पण आवाजाला भाषा लागत नाही. त्याची आई उठली आणि ह्यांच्या ताटात पाव वाढायला लागली.

"चल बाहेर," लेक म्हणाली.

त्या गोट्यांवर तिने मला नेलं. छत्र्या नसलेला किनारा अगदी बोडका दिसत होता. वारा सुटला होता. आमची लेक भांडते तेव्हा इंग्रजीत भांडते, लहानपणापासून. मी तयारीत होते. पण ती मराठीत बोलायला लागली, अडखळत, अर्धी वाक्यं शोधत.

"पापांनी हॉर्न मारला ना, मी आत होते. मला न बघता कळलं की हे पापा. मी पापांच्या गाडीच्या बॅकसीटवर मोठी झाले."

"चुकलं त्यांचं. सॉरी म्हणाले ना चारदा? किती उगाळणार आहेस?"

"त्याचं नाही गं. आपल्या बिल्डिंगखालचं कॅफेटेरिया आठवतं? आपण हॉर्न मारायचो, तो माणूस यायचा. मला फ्री बिस्किट द्यायचा. मग एक दिवस दुसराच आला. मी विचारलं, आधीचा कुठे गेला? तू म्हणालीस, व्हिसा संपला असेल. मग दोन वर्षांनी तिसरा आला. मग चौथा. मग मी विचारायचं बंद केलं. चहा तसाच यायचा." ती थांबली. "आई, आता पापांचा टर्न आहे. कंपनीत दुसरा येईल. दॅट्स ऑल."

मला अस्सा राग आला! बाप सीनियर मॅनेजर, आणि ही त्याला चहावाल्याच्या ओळीत बसवते. "म्हणूनच तर म्हणते ये," मी ओरडले. "तू ये, म्हणजे आम्हाला जावं लागणार नाही! तुझ्या व्हिसावर राहू. मी मंडळात सांगून बसलेय. तो रंगारी काय पळून जातोय?"

"त्याच्यामुळे नाही. मी दुबईला नाही म्हटलं तेव्हा तो मला भेटलापण नव्हता."

"नाही म्हटलंस? कधी?"

"त्यांनी विचारलं त्याच आठवड्यात. तुला सांगायची भीती वाटली." तिने एक गोटा उचलला, परत खाली ठेवला. "आय वॉज बॉर्न देअर, आणि तरी शिकायला बाहेर पडले, व्हिसा संपला, की मी तिथली कोणी नव्हते. मला तिथे जाऊन पुन्हा तेच नको. साठ झाले की उठा. आणि मग माझ्या मुलांनी मला ठेवायचं का? तुला मी हवी आहे की व्हिसाची स्पॉन्सर?"

दोन्ही हवं होतं. लेक हवी होती आणि माझं घरही हवं होतं, माझा अकरावा मजला, खिडकीतून दिसणारा तो दुबईच्या सीमेवरचा ट्रॅफिक, सगळं हवं होतं. इतके दिवस त्या पोराला शिव्या घातल्या आणि त्या बिचाऱ्याचा यात काही संबंधच नव्हता.

"आणि आम्ही कुठे जायचं?" मी विचारलं.

"पुण्याचा फ्लॅट आहे ना."

"तिथे मला ओळखतं कोण?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच मला सहन झालं नाही. "शारजात कोण ओळखतं, आई?"

मंडळातल्या बायका, मी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं मी. सणवार, डबे, आजारपणं, सगळं केलंय आम्ही एकमेकींचं. पण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचा एक नियम आहे. जिचा नवरा रिटायर होतो, जी इंडियाला परत जाते, तिला केक कापून निरोप द्यायचा आणि त्याच आठवड्यात ग्रुपमधून काढायचं, कारण ग्रुप फक्त इथल्यांसाठी आहे. कितीजणींना काढलं, त्यांचं पुढे काय झालं, आम्हाला ठाऊक नाही. ग्रुपची ॲडमिन मीच आहे.